लाइन थांबवायचा अधिकार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मुख्यालय नागोयात, कारखाना ओहायोत आणि दोन्हीकडची जबाबदारी तुझ्यावर. ‘जपानी साहेबांशी वागायचं कसं?’ असं तू विचारलंस. वाकायचं किती, कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, हे तुला आठवडाभरात जमेल. तू आधी शोधायला हवं ते दुसरंच आहे: चाललेलं काम थांबवायचा अधिकार नेमका कोणाकडे आहे?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची हकीकत नीट वाच. जनरल मोटर्सनं तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी, युनियनशी सततची भांडणं, गाड्यांचा वाईट दर्जा, सगळंच होतं. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो ‘नूमी’ नावानं पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, कामगारही बहुतेक जुनेच. त्यातल्या शेकडो जणांना शिकायला जपानला पाठवलं. नव्या कारखान्यात प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी होती. चूक दिसली की ओढायची, वेळ पडली तर अख्खी लाइन थांबायची. याच माणसांना पूर्वी काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही अशी ताकीद असायची. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ जाऊन पोचला.

लोक त्या दोरीचं कौतुक करतात. मला दोरीमागचा करार जास्त मोलाचा वाटतो. साहेबांसाठी वेगळं जेवणघर नाही, राखीव पार्किंग नाही, आणि कामगार कपातीआधी वरिष्ठांचे पगार कापायचे हे लेखी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मागणी घसरली, तेव्हा लोकांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवलं. पोटाची खात्री नसती तर दोरीला हात कोणी लावला असता?

आता त्याच टोयोटाचं २०१० साल बघ. गाड्यांचा वेग आपोआप वाढतो अशा तक्रारींवरून अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारीला कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोदा अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे बसले आणि कंपनी फार वेगानं वाढली अशी कबुली त्यांनी दिली. गाड्या परत बोलवायचा निर्णय तोवर जपानमध्ये होत असे. म्हणजे कामगार लाइन थांबवू शकत होता, पण अमेरिकेतला वरिष्ठ अधिकारी विकलेली गाडी परत बोलवू शकत नव्हता. हे वाचून मी बराच अस्वस्थ झालो होतो.

म्हणून पहिल्या बजेटच्या आधीच नागोयाकडून लेखी घे, की सुरक्षेची शंका आली तर माल रोखायचा निर्णय तू तिथल्या तिथे घेशील आणि कळवशील नंतर. यात तडजोड करू नकोस.

बाकी बाबतींत मात्र त्यांच्या रीतीनं चाल. प्रस्तावाची रिंगी, म्हणजे मंजुरीसाठीचा लेखी कागद, टेबलाटेबलावरून शिक्के घेत फिरते. त्याआधी प्रत्येक संबंधिताला एकेकट्यानं भेटून त्याची अडचण ऐकायची, म्हणजे नेमावाशी. बैठकीपर्यंत निर्णय झालेला असतो. तुझा अमेरिकन विक्रीप्रमुख नवी कल्पना थेट बैठकीत मांडेल, कोणी विरोध केला नाही म्हणून खूश होऊन परतेल आणि पुढे दोन महिने उत्तराची वाट बघेल. त्याला आधीच सांग. याला वेळ लागतो, पण होकार आला की अंमलबजावणी झपाट्यानं होते, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

नागोयालाही काही समजवावं लागेल. सगळ्यांसमोर वाद घालणारा अमेरिकन इंजिनीअर साहेबांचा अपमान करत नसतो. आणि प्रत्येक अमेरिकन विभागप्रमुखाशेजारी जपानहून आलेला एक समन्वयक बसतो, तो रात्री मुख्यालयाला फोन करतो आणि खरं काय ते त्या फोनवर ठरतं, ही पद्धत तू मोडायलाच हवीस. आपल्या खुर्चीत अधिकार नाही हे कळलं की चांगली माणसं सोडून जातात, आणि आधी जातात ती सगळ्यात हुशार. फोन राहू दे, पण विभागप्रमुखही त्यावर असला पाहिजे, शेजारी दुभाषी घेऊन.

त्या फोनचा वार सोमवार ते गुरुवारमधला ठेव. ओहायोतली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे तिकडे शनिवारची सकाळ. जपानमध्ये घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये वेळ पुन्हा ठरवून घे. आणि गैरसोयीची वेळ दर खेपेला एकाच बाजूच्या वाट्याला येऊ देऊ नकोस.

तुझा,
काका