राखीव फॉरवर्डचं नाव यादीतून खोडू नकोस

भावा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मेन फॉरवर्डचं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेलंय, स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय आणि सांगलीच्या तुमच्या फुटबॉल टीममध्ये राखीव फॉरवर्डवरून तट पडलेत. एक २९ वर्षांचा उंच गडी, कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जाणारा. दुसरा १९ वर्षांचा सांगलीवाडीचा पोरगा, पळतो वाऱ्यासारखा पण समोर एकटा गोलकीपर दिसला की बॉल बाहेर घालवतो. आणि काहीजण म्हणतायत की दोघांनाही बसवा, कोल्हापूरवरून एखादा तयार खेळाडू आणूया. हे शेवटचं वाचलं आणि मला राहवलं नाही. मी मिरजेत नऊ वर्षं टीम सांभाळली. नेमका हाच तिढा माझ्यापुढे होता आणि मी तो चुकीचा सोडवला.

आधी गोलांच्या हिशेबाचं बोलतो, कारण तुमचं अर्धं भांडण तिथंच आहे. तू लिहिलंयस, मेन फॉरवर्डचे ११ मॅचमध्ये ८ गोल आणि उंच गड्याचे २, म्हणून तो कामाचा नाही. अरे, तो खेळला किती ते बघ ना. तुमच्या मॅच ३५-३५ मिनिटांच्या. मेन फॉरवर्ड ११ मॅच पूर्ण खेळला, म्हणजे ७७० मिनिटं. साधारण ९६ मिनिटांना एक गोल. उंच गड्याला तुम्ही दर वेळी शेवटची १२-१५ मिनिटं दिली. सगळी मिळून दीडशेच्या आसपास, त्यात २ गोल. म्हणजे ७५ मिनिटांना एक. शेवटी समोरचे बॅक, म्हणजे बचाव करणारे, दमलेले असतात, जागा जास्त मिळते, त्यामुळे हे दोन आकडे एका तराजूत घालू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण ‘११ मॅचमध्ये दोनच’ असं म्हणून कुणाला मोडीत काढणं हा सरळ अन्याय आहे.

राखीव फॉरवर्डचं काम वेगळंच असतं, हे आपल्याकडे कुणी धरतच नाही. मँचेस्टर युनायटेडचा सोल्सक्यार घे. २६ मे १९९९, चॅम्पियन्स लीगची फायनल, बार्सिलोनाचं मैदान, बायर्न म्युनिक १-० ने पुढे. ८१व्या मिनिटाला तो अँडी कोलच्या जागी उतरला. ९० मिनिटं झाल्यावर पंच जी भरपाईची मिनिटं देतात त्यात आधी शेरिंगहॅमने बरोबरी केली आणि मग कॉर्नरवर याने पाय लावून कप आणला. शेरिंगहॅमसुद्धा बदली म्हणूनच उतरला होता, हे लोक विसरतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध सोल्सक्यारने शेवटची वीसेक मिनिटं खेळून ४ गोल मारले होते. बाकावर बसून तो समोरच्या बॅकचा खेळ वाचायचा. कोण कुठं उशिरा वळतो, कोण दमलाय, हे आत जायच्या आधी त्याला माहीत असायचं. तुमच्या उंच गड्याला बाकावर मोबाईल बघत बसू देऊ नका. त्यांचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, कुठल्या बाजूला कच्चा आहे, हे हाफटाइमला त्याच्याकडून ऐका.

पण राखीवाला कधी ना कधी पहिल्या मिनिटापासूनही उतरावं लागतं. ७ मे २०१९ ला लिव्हरपूलकडे सलाह नव्हता, फर्मिनो नव्हता आणि बार्सिलोना चॅम्पियन्स लीग सेमीफायनलच्या दोन मॅचपैकी पहिली ३-० ने जिंकून आलेली. हंगामातला बराच काळ बाकावर काढलेल्या ओरिगीने त्या रात्री ७व्या आणि ७९व्या मिनिटाला गोल केले. लिव्हरपूलने मॅच ४-० ने जिंकली आणि फायनल गाठली. पुढे टॉटनहॅमविरुद्धच्या फायनलमध्ये बदली म्हणून उतरून त्याने ८७व्या मिनिटाला टीमचा दुसरा गोल केला. असा माणूस घरात असणं म्हणजे काय, हे तो नसला की कळतं. २०२५ मध्ये आर्सेनलने जानेवारीत फॉरवर्ड घेतलाच नाही. येशूसचा गुडघा आधीच गेला होता, फेब्रुवारीत हावर्ट्झचं हॅमस्ट्रिंग गेलं. मग मेरिनोसारख्या हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, पुढे खेळवावं लागलं. लेस्टरविरुद्ध त्याने उतरून २ गोल केले, सगळे खूश. पुढच्याच मॅचला वेस्टहॅमकडून घरच्या मैदानावर १-० ने हरले. एक दिवस निभावलं म्हणजे सोय झाली असं नसतं.

आपल्या देशाचंही तेच. भारताचा फॉरवर्ड सुनील छेत्री जून २०२४ मध्ये देशाच्या टीममधून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. आपल्या बड्या क्लबांतून पुढची जागा बहुतेक वेळा परदेशी खेळाडूकडे जाते, मग आपली पोरं तयार कुठं होणार? मला याचा मनापासून त्रास होतो.

आता माझी चूक सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

आमच्याकडे मालगावचा एक पोरगा होता. सायकलवरून प्रॅक्टिसला यायचा. बूट आणि शिनगार्ड साडीच्या दुकानाच्या पिशवीत आणायचा आणि खेळून झालं की फडक्याने बूट पुसूनच परत आत ठेवायचा. दोन हंगाम मी त्याला शेवटची दहा मिनिटं दिली आणि दहा मिनिटांत गोल होत नाही म्हणून नावं ठेवली. त्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेला १८ नावांची यादी द्यायची होती. बाहेरचा एक नावाजलेला फॉरवर्ड यायला तयार झाला. यादी भरलेली होती. मी मालगावच्या पोराच्या नावावर बॉलपेनने आडवी रेघ मारली आणि खाली पाहुण्याचं नाव लिहिलं. पोराला सांगितलंही नाही. म्हटलं, नंतर बोलू.

पाहुणा दुसरीकडे नोंदलेला होता, त्यामुळे ना हरकत पत्र लागणार होतं. ते जिथून मिळायचं त्या ऑफिसचं नाव मी घेत नाही, पण तिथले तीन हेलपाटे मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्या दिवशी अर्ज दोन प्रतींत हवा म्हणून परत पाठवलं. ठीक आहे, आपली चूक. दुसऱ्या दिवशी फोटोवर सही आडवी हवी, ही उभी आहे म्हणाले. ही गोष्ट पहिल्या दिवशी का नाही सांगितली, याला उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सगळं बरोबर होतं, तर सही करणारे साहेब दौऱ्यावर. शिक्का टेबलावर होता, अर्ज टेबलावर होता, माणूस समोर बसलेला होता. ‘सोमवारी या.’ आमची सेमीफायनल रविवारी होती. मी नोकरीतल्या तीन रजा घालवल्या. खेळाडूंसाठी म्हणून जी ऑफिसं उघडलीत तिथं खेळाडूच्या मॅचची तारीख कुणी विचारत नाही, याची चीड मला आजही येते.

रविवारी २४व्या मिनिटाला आमचा मेन फॉरवर्ड मांडी धरून खाली बसला. पाहुणा जीन्सवर प्रेक्षकांत. पत्र नाही म्हणून आयोजकांनी त्याला घेतलं नाही. आणि मालगावचा पोरगा ग्राउंडच्या भिंतीवर, मांडीवर तीच पिशवी. मी हात केला. तो उडी मारून आला, खाली बसून डावा बूट घातला, नाडी बांधली. तोवर पंच यादी घेऊन आले. नाव नाही. बदली खेळाडूंची नावं मॅच सुरू व्हायच्या आत पंचांकडे द्यावीच लागतात, ज्याचं नाव नाही तो उतरू शकत नाही. नियमच आहे, पंचांचं काही चुकलं नाही. पोराने माझ्याकडे बघितलं, नाडी सोडली, बूट पुसला आणि पिशवीत ठेवला. आम्ही लेफ्ट बॅकला पुढे खेळवलं आणि १-० ने गेलो. पुढच्या हंगामात तो आलाच नाही. मी घरी जाऊन माफी मागितली. ‘असू दे दादा,’ म्हणाला, चहा दिला. पण आला नाही.

म्हणून तुला सांगतो, हातातलं नाव खोडून हवेतलं नाव लिहू नकोस. माझं मत विचारशील तर यादीत दोघंही हवेत. पहिल्यापासून उंच गडी. पावसाळ्यात आपली काळी माती चिकटते, बॉल अडकतो, पळणाऱ्याचा वेग अर्धा होतो. अशा ग्राउंडवर पाठ लावून बॉल धरणारा आणि हेडर मारणारा माणूस सोनं असतो. सांगलीवाडीच्या पोराला ४५व्या मिनिटाच्या आसपास सोड, दहा मिनिटं उरल्यावर नको. समोरचे स्टॉपर उंच गड्याशी धक्काबुक्की करून दमले की याचा वेग दिसेल. गोलकीपरसमोर तो गडबडतो ते घाईने. रोज प्रॅक्टिस संपल्यावर त्याला एकट्याला गोलकीपरपुढे २० बॉल दे, जोर न लावता कोपऱ्यात ढकलायला सांग. तीन आठवड्यांत जादू होणार नाही, पण फरक पडेल. तुमची पोरं मी खेळताना बघितलेली नाहीत, तुझ्या लिहिण्यावरून सांगतोय, तेव्हा शेवटचा निर्णय तुझाच.

कोल्हापूरच्या खेळाडूला माझा विरोध नाही. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅच बघतच आम्ही मोठे झालो, तिथल्या पोरांचा दर्जा मला माहीत आहे. पण त्याचं पत्र सही-शिक्क्यासकट तुझ्या हातात आल्याशिवाय यादीत जागा देऊ नकोस. माझा अनुभव जुना आहे, आता बरंच काम ऑनलाइन होतं म्हणतात. तरी तुमच्या आयोजकांना नेमका कुठला कागद लागतो ते लेखी विचारून घे.

अजून काही गोष्टी, सुचल्या तशा. उंच गड्याची शिफ्ट बघून प्रॅक्टिसची वेळ ठरव, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी पळवू नकोस, नाहीतर दुसरं हॅमस्ट्रिंग जाईल. राखीव पोरांना हाफटाइमनंतर गोलपोस्टमागे वॉर्मअप करायला लाव, थंड अंगाने आत पाठवू नकोस. जेवण आणि गाडीभाडं मेन फॉरवर्डला जेवढं, तेवढंच त्यांनाही. आणि मेन फॉरवर्डचं हॅमस्ट्रिंग तीन आठवड्यांत बरं होईल असं धरून चालू नकोस. फिजिओ हो म्हणेपर्यंत त्याला स्प्रिंट मारू देऊ नकोस. मी डॉक्टर नाही, पण अर्ध्या बऱ्या झालेल्या मांडीवर खेळून हंगाम घालवलेली पोरं खूप बघितलीत.

एक मात्र आजच कर. ज्याला पहिल्यापासून खेळवणार नाहीस, त्याला ते तू स्वतः, समोर बसवून सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. आणि यादी किती नावांची, बदली किती आणि बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो का, हे नियमपत्रकात बघ. गावोगावच्या स्पर्धांत हे वेगवेगळं असतं. पत्रकाचा फोटो इथं टाकलास तर मी रात्री बघून सांगतो.