पदवीनंतर तीस वर्षांनी भरणाऱ्या वर्गाच्या स्नेहसंमेलनाला जावे का?

आपण विचारले आहे की पदवीला तीस वर्षे झाल्यानिमित्त आपल्या वर्गाचे दोन दिवसांचे स्नेहसंमेलन येत्या शरद ऋतूत भरणार आहे, आपला कोणाशीही संपर्क उरलेला नाही, सांगण्यासारखे मोठे काही हातून झालेले नाही, तेव्हा जावे का, आणि गेल्यास जोडीदाराला सोबत न्यावे का. माझे उत्तर आहे की जरूर जावे. ‘सांगण्यासारखे काही नाही’ या विचाराने आपला पाय मागे येत असेल, तर त्याचा दोष अशी संमेलने भरवणाऱ्यांकडे जातो. आमच्या वर्गाच्या संमेलनाची मी एक आयोजक होते आणि या प्रश्नावरून आमच्यात झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे निमंत्रितांची यादी करण्याचे काम मी आणि एक वर्गमित्र असे दोघांकडे होते. त्याने महाविद्यालयाच्या कार्यालयातून पदवीधरांची यादी मिळवली आणि तीच अंतिम मानली. त्या यादीत मी सर्वप्रथम ज्याचे नाव शोधले, त्याचे नाव नव्हते. प्रयोगशाळेत आमच्या तुकडीचा तो आधार होता. वडील अंथरुणाला खिळल्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याने शिक्षण सोडले आणि तो नोकरीला लागला. त्याला बोलावलेच पाहिजे असे मी म्हटल्यावर माझ्या सहआयोजकाने दोन मुद्दे मांडले. पहिला असा की ज्याने पदवी घेतली नाही, तो आपल्या वर्गाचा माजी विद्यार्थी ठरत नाही. दुसरा असा की इतक्या यशस्वी लोकांत येऊन त्यालाच अवघडल्यासारखे होईल.

दुसऱ्या मुद्द्याचा मला अधिक राग आला, आणि तो आजही आहे. एखाद्या माणसाला न विचारता त्याच्या वतीने त्याचा संकोच ठरवून टाकायचा आणि त्याला सौजन्य म्हणायचे, हे मला मान्य नाही. यायचे की नाही हे त्याने ठरवावे. आपले काम बोलावण्याचे आहे.

पहिला मुद्दाही टिकत नाही. बिल गेट्स १९७३ साली हार्वर्डमध्ये दाखल झाले आणि पदवी न घेता १९७५ साली बाहेर पडले. २००७ साली त्याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली आणि पदवीदान समारंभात त्यांचे भाषण ठेवले. अर्धवट शिक्षण सोडणारा जगप्रसिद्ध झाला की तो अभिमानाने आपला म्हणायचा, आणि घर चालवण्यासाठी शिक्षण सोडणारा मात्र परका ठरवायचा, यात कोणते तत्त्व आहे हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये तर काही काळ शिकून गेलेल्यांनाही माजी विद्यार्थी मानतात.

शिवाय महाविद्यालयातील वर्षांचे वजन गुणपत्रिकेवरून ठरत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला लावले, तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी इतर काळाच्या मानाने जास्त येतात, असे मानसशास्त्रज्ञांनी वारंवार नोंदवले आहे. त्या वयातील दीड वर्ष ज्याने आमच्याबरोबर काढले, त्याच्या आठवणीत आम्ही आहोत आणि आमच्या आठवणीत तो आहे. वर्ग म्हणजे एकत्र प्रवेश घेतलेली माणसे, अशी माझी व्याख्या आहे, आणि ती मी बदलणार नाही.

मी त्याला पत्र लिहिले आणि तो आला. नोंदणीच्या मेजावर नावांचे बिल्ले मांडून ठेवले होते. प्रत्येकाच्या नावाखाली ‘पदवी वर्ष’ छापले होते आणि त्याच्या बिल्ल्यावर त्या जागी एक आडवी रेघ होती. ती रेघ पाहून तो बिल्ल्याला हात न लावता नुसता उभा राहिला. मी कोरा बिल्ला घेतला, त्यावर जाड पेनाने त्याचे नाव लिहिले आणि खाली प्रथम वर्षाचा त्याचा हजेरी क्रमांक लिहिला, कारण तो क्रमांक त्याच्याकडून कोणालाही काढून घेता येणार नव्हता. बिल्ला लावता लावता त्याने मला विचारले, “ब्युरेटचे वाचन अजून मान वाकडी करूनच घेतेस, की डोळा पातळीला आणायला शिकलीस?” आमच्या तुकडीत कोण ब्युरेटमधील, म्हणजे द्रव मोजून थेंब थेंब सोडण्याच्या काचनळीतील, पातळी चुकीची वाचत असे, कोणाचा अंत्यबिंदू, म्हणजे रंग बदलताच थांबण्याचा क्षण, हमखास पुढे जात असे, कोण कोणाच्या वहीतून निरीक्षणे उतरवत असे, हे सगळे त्याला आमच्यापेक्षा चांगले आठवत होते. संध्याकाळपर्यंत कितीतरी जणांनी आपापल्या छापील बिल्ल्यावर हजेरी क्रमांक लिहून घेतले होते.

आपल्याला कोणी ओळखणार नाही ही भीतीही सोडावी. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अमेरिकेतील ३९२ माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. शाळा सोडून सुमारे ३५ वर्षे झालेल्यांनाही जुन्या छायाचित्रांतून वर्गमित्रांचे चेहरे जवळपास ९० टक्के वेळा ओळखता आले. चेहरा पाहून नाव आठवण्याचे प्रमाण मात्र त्या मानाने फारच कमी होते. ती छायाचित्रे तेव्हाची होती आणि आता चेहरे बदलले आहेत, हे खरे. म्हणूनच बिल्ल्यावर जुने छायाचित्र आणि वर्गात होते तेच नाव मोठ्या अक्षरांत असावे. पद आणि कंपनी यांना तिथे काही काम नाही. प्रत्येकाने उभे राहून हुद्दा, मुलांची शिक्षणे आणि परदेशातील वास्तव्य सांगण्याचा परिचयाचा कार्यक्रम तर बंदच करावा. आपल्यासारख्यांना घरी बसवतो तो हाच कार्यक्रम. आम्ही त्याऐवजी प्रात्यक्षिकांच्या जुन्या तुकड्यांप्रमाणे बसलो, आणि कोणाला काय मिळाले याची चौकशी फारशी झालीच नाही.

दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. त्या काळात कोणी आपला छळ केला असेल आणि ती माणसे तिथे असणार असतील, तर न जाण्याबद्दल कोणालाही स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. माझा आग्रह अशा व्यक्तीसाठी नाही. दुसरे असे की मध्येच शिक्षण सोडलेल्याला शोधून काढल्यावर त्याला परस्पर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये घालू नये. आधी त्याला एकट्याला लिहावे, वर्गणीची अडचण असेल तर ती गाजावाजा न करता दोघातिघांनी वाटून घ्यावी, आणि त्याने नकार दिला तर पुन्हा विचारू नये.

जोडीदाराबद्दल माझे मत असे की पहिली संध्याकाळ एकट्याने घालवावी, कारण ज्यांना तेव्हाचे संदर्भ ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी सतत खुलासे करावे लागतात आणि गप्पा तुटतात. दुसऱ्या दिवशी सोबत नेण्यास हरकत नाही. बाकी आपल्या दोघांच्या स्वभावावर आहे.

होकार कळवताना आयोजकांना एवढे मात्र विचारावे की त्यांनी यादी कोणत्या कागदावरून केली आहे. उत्तर ‘पदवीधरांच्या यादीवरून’ असे आले, तर प्रथम वर्षाचा हजेरीपट मागवण्याचा आग्रह धरावा आणि तो मिळाला नाही तर आपल्याला आठवतील ती नावे स्वतः लिहून पाठवावीत. आमच्या पुढच्या संमेलनाची तयारी सुरू झाली आहे, माझ्या सहआयोजकाने पुन्हा तीच पदवीधरांची यादी पुढे केली आहे, आणि मी तिच्यात नसलेली नावे त्याला कळवली आहेत.