वाचकांचे प्रश्न : लिंक्ड डेटा बदलताना ट्रिपल जातात कुठे?

लिंक्ड डेटात प्रत्येक माहिती सब्जेक्ट (कशाबद्दल), प्रेडिकेट (कोणता गुणधर्म) आणि ऑब्जेक्ट (त्याचं मूल्य) अशा तिकडीत लिहितात. ही तिकडी म्हणजे ट्रिपल, आणि ट्रिपलचा संच म्हणजे ग्राफ. या मांडणीच्या मानकाचं नाव आरडीएफ; टर्टल, एन-ट्रिपल्स, जेसन-एलडी, आरडीएफ/एक्सएमएल हे ती फाइलमध्ये लिहिण्याचे फॉरमॅट. या वेळचे बहुतेक प्रश्न त्यांचं एकमेकांत रूपांतर करणाऱ्या पायथनच्या आरडीएफलिब लायब्ररीबद्दल आहेत. उत्तरं तिच्या ६ आणि ७ या मालिकांना धरून दिली आहेत. अजून ५ वापरत असाल तर आधी नवी आवृत्ती घ्या. जेसन-एलडी वाचण्या-लिहिण्याची सोय ६.० पासून लायब्ररीतच आली, त्याआधी वेगळं प्लगइन लागायचं. शिवाय ग्राफ एखाद्या फॉरमॅटमध्ये लिहून देणारी सिरियलाइझ ही मेथड ६.० पासून बाइट्सऐवजी सरळ स्ट्रिंग देते, त्यामुळे जुन्या कोडमध्ये तिच्यापुढे डीकोड लावलेलं असेल तर तो तिथेच अडतो.

प्रश्न : जेसन-एलडी फाइल पार्स केली. एरर एकही नाही, पण ग्राफची लांबी शून्य येते. फाइल तर नोंदींनी भरलेली आहे.

उत्तर : बहुतेक वेळा दोष @कॉन्टेक्स्टचा असतो. जेसनमधली ‘नेम’ किंवा ‘डेट’ ही की नुसतं लेबल आहे. तिच्यामागे कोणता आयआरआय (वेब-पत्त्यासारखी एकमेव ओळख) आहे हे कॉन्टेक्स्ट सांगतो. ज्या कीला आयआरआय मिळत नाही ती मुकाट्याने गाळायची, असं जेसन-एलडीचं स्पेसिफिकेशनच सांगतं, म्हणून लायब्ररी कुरकुर करत नाही. कॉन्टेक्स्ट मुळीच नसेल तर सगळंच गळतं आणि निदान लक्षात तरी येतं. खरा धोका अर्धवट कॉन्टेक्स्टचा. वीसपैकी सतरा की ओळखल्या गेल्या तर आकडा भरघोस दिसतो आणि उरलेल्या तीन कोणी शोधत नाही. स्पेलिंगमध्ये लहान-मोठ्या अक्षराचा फरक असला तरी की गळते.

गळालेल्या की पकडायचा सोपा मार्ग आहे. फाइल आधी साध्या जेसन मॉड्यूलने वाचा. @कॉन्टेक्स्टची यादी करा. तिच्यात पहिला घटक म्हणून @व्होकॅब (आयआरआय न मिळालेल्या कींना लागणारा डीफॉल्ट) द्या आणि त्याला एखादा तात्पुरता नेमस्पेस (आयआरआयचा सुरुवातीचा सामाईक भाग) लावा. फाइलचा मूळ कॉन्टेक्स्ट त्यानंतर ठेवा. मग हे सगळं स्ट्रिंग करून पार्सच्या डेटा या आर्ग्युमेंटमधून द्या. आता अनाथ की त्या तात्पुरत्या नेमस्पेसखाली प्रेडिकेट म्हणून येतील. वेगवेगळे प्रेडिकेट काढून यादी पाहिली की काय सुटत होतं ते कळतं. खऱ्या रूपांतरापूर्वी हा @व्होकॅब काढायला विसरू नका.

कॉन्टेक्स्ट बरोबर असूनही शून्य येत असेल तर वरच्या पातळीवर @ग्राफच्या शेजारी @आयडी आहे का ते पाहा. तसं असेल तर आतले ट्रिपल स्वतःचं नाव असलेल्या वेगळ्या ग्राफमध्ये गेलेत. साधा ग्राफ फक्त स्वतःपुरतं पाहतो, त्यामुळे ते स्टोअरमध्ये (लायब्ररीच्या साठ्यात) असूनही त्याला दिसत नाहीत. ग्राफऐवजी डेटासेट हा क्लास वापरा आणि आउटपुट ट्रिग किंवा एन-क्वाड्समध्ये घ्या, कारण टर्टलमध्ये ग्राफचं नाव लिहायला जागाच नाही. नावं नकोच असतील तर डीफॉल्ट-युनियन ट्रू ठेवून डेटासेट उघडा आणि सगळे ट्रिपल एका साध्या ग्राफमध्ये ओता.

कॉन्टेक्स्ट म्हणून नुसती यूआरएल दिली असेल तर लायब्ररी तो नेटवरून आणते. रोज चालणाऱ्या कामात यावर विसंबू नका. समोरचा सर्व्हर बंद असला तर काम थांबतं, आणि त्याने कॉन्टेक्स्ट बदलला तर त्याच फाइलमधून उद्या वेगळे ट्रिपल निघतात. प्रत उतरवून घ्या आणि फाइलमध्येच घाला.

प्रश्न : स्कीमा डॉट ऑर्ग या वेबवरच्या सामाईक शब्दसंग्रहातला डेटा नीट वाचला जातो, ट्रिपलही दिसतात, पण स्पार्कल (ग्राफमधून माहिती काढायची भाषा) क्वेरीला एकही ओळ मिळत नाही.

उत्तर : ‘एस’ पाहा. स्कीमा डॉट ऑर्गचा अधिकृत कॉन्टेक्स्ट एचटीटीपीने सुरू होणारे आयआरआय देतो, तर आरडीएफलिबमधला एसडीओ हा तयार नेमस्पेस एचटीटीपीएसचा आहे. ब्राउझरला दोन्ही सारखे, ग्राफला मात्र हे दोन अगदी वेगळे आयआरआय. आपला नेमस्पेस स्वतः घोषित करा, किंवा वाचल्या वाचल्या सगळे एकाच रूपात आणा.

प्रश्न : टर्टलचं एन-ट्रिपल्स केलं आणि पुन्हा टर्टल केलं. मूळ फाइलशी डिफ (ओळीनिहाय तुलना) लावला तर जवळपास प्रत्येक ओळ वेगळी. डेटा बिघडला का?

उत्तर : डिफवरून ते कळणार नाही. ग्राफ हा ट्रिपलचा संच आहे, त्याला क्रम नसतो, आणि ब्लँक नोडची (स्वतःचा आयआरआय नसलेल्या नोंदींची) लेबलं फाइलपुरतीच असतात, ती प्रत्येक वाचनात बदलू शकतात. दोन्ही फाइली वेगवेगळ्या ग्राफमध्ये वाचा आणि आरडीएफलिबच्या कंपेअर मॉड्यूलमधलं, दोन्ही ग्राफ एकच आहेत का ते सांगणारं आयसोमॉर्फिक हे फंक्शन लावा. उत्तर फॉल्स आलं तर तिथलंच ग्राफ-डिफ वापरा. ते तीन ग्राफ देतं : दोन्हीकडचं सामाईक, फक्त पहिल्यातलं, फक्त दुसऱ्यातलं. एकमेकांत गुंतलेले ब्लँक नोड फार असतील तर ही तुलना बराच वेळ घेते.

पण ट्रू आलं म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. आरडीएफलिब वाचतानाच लिटरलचं (मजकूर, आकडा अशा थेट लिहिलेल्या मूल्याचं) प्रमाण रूप करते : इंटिजर म्हणून लिहिलेलं ‘००७’ आत येताच ‘७’ होतं. तुलनेच्या वेळी मूळ फाइलचंही तेच होतं, त्यामुळे गेलेली शून्यं आयसोमॉर्फिकला कधीच दिसत नाहीत. काही वाचण्याआधी नॉर्मलाइझ-लिटरल्स हा लायब्ररीचा फ्लॅग फॉल्स करा. खरं तर ज्या कोडमध्ये पुढची शून्यं अर्थाची आहेत त्याला इंटिजर म्हणायलाच नको होतं. ते स्ट्रिंगच असावं.

दुसऱ्या साधनातून आलेल्या फाइलशी तुलना करताना आणखी एक अडचण येते. २०१४ च्या आरडीएफ १.१ नुसार साधं लिटरल आणि एक्सएसडी-स्ट्रिंग (म्हणजे ‘हा मजकूर आहे’) असा प्रकार लावलेलं लिटरल एकच. आरडीएफलिब मात्र त्यांना वेगळं धरते. ग्राफ-डिफमध्ये दोन्ही बाजूंना तोच मजकूर दिसला की हेच समजा. एक लूप फिरवून एक्सएसडी-स्ट्रिंग हा प्रकार काढून टाका, मग तुलना करा.

प्रश्न : टर्टल व्यवस्थित लिहिलं जातं, पण आरडीएफ/एक्सएमएल करताना अमुक आयआरआय तोडता येत नाही अशी एरर येते.

उत्तर : एक्सएमएलमध्ये प्रेडिकेट हा टॅग होतो. त्यासाठी आयआरआयचे नेमस्पेस आणि नाव असे दोन तुकडे पडावे लागतात, आणि एक्सएमएलमध्ये नाव अंकाने सुरू होऊ शकत नाही. तुमचं प्रेडिकेट तिरक्या रेघेनंतर नुसत्या आकड्याने किंवा थेट तिरक्या रेघेनेच संपत असणार. विकिडेटाचं पी३१ हे प्रेडिकेट अक्षराने सुरू होतं म्हणून तिथे अडत नाही. सब्जेक्ट आणि ऑब्जेक्ट ॲट्रिब्यूटमध्ये जातात, त्यांना ही अट नाही. घेणाऱ्याला चालत असेल तर टर्टलच पाठवा. आरडीएफ/एक्सएमएलच हवं असेल तर आकड्याआधी अक्षर जोडून नवं प्रेडिकेट करावं लागेल, पण तो नवा आयआरआय झाला. जुन्याशी त्याचं नातं आउल या शब्दावलीतल्या इक्विव्हॅलंट-प्रॉपर्टीने (‘दोन्ही समान’ असं सांगणाऱ्या प्रेडिकेटने) नोंदवा.

आयआरआयमध्ये मोकळी जागा असण्याचा दोष याच्या उलट वागतो. वाचताना फक्त लॉगमध्ये इशारा येतो, आणि टर्टल लिहिताना सगळं कोसळतं. वाचण्याआधीच ती पर्सेंट-एन्कोड करून घ्या.

प्रश्न : फाइल काही गिगाबाइटची आहे. पार्स करताना मेमरी संपते.

उत्तर : आरडीएफलिबचा नेहमीचा स्टोअर सगळे ट्रिपल मेमरीत, तेही अनेक इंडेक्ससह ठेवतो. नुसतं रूपांतर हवं असेल तर ग्राफ बांधूच नका. पायऑक्सिग्राफ या दुसऱ्या पायथन लायब्ररीचं पार्स एकेक ट्रिपल देणारा इटरेटर देतं, तो तसाच तिच्या सिरियलाइझला द्या. कमांड लाइन चालत असेल तर अपाची जेनाचं रायट हे साधन टर्टलचं एन-ट्रिपल्स वाहत्या पद्धतीने करतं. आउटपुट सुबक टर्टल मागितलं तर मात्र पुन्हा सगळं मेमरीत येतं. जेसन-एलडी मोठ्या फाइलींसाठी टाळा, कारण कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्टच्या शेवटी आला तरी तो वैध असतो आणि म्हणून बरेच पार्सर आधी पूर्ण फाइल वाचतात.

एन-ट्रिपल्समध्ये एका ओळीत एक ट्रिपल, त्यामुळे फाइल ओळींवर कापून तुकडे करता येतात. त्यात ब्लँक नोड असतील तर कापू नका : एकाच लेबलचा नोड दोन तुकड्यांत गेला की ते दोन वेगळे नोड ठरतात.

प्रश्न : टर्टलमध्ये एनएस१, एनएस२ असे प्रीफिक्स येतात. चूक आहे का?

उत्तर : नाही. लायब्ररीला त्या नेमस्पेसचं नाव माहीत नाही, म्हणून तिने स्वतःच एक ठेवलं. सिरियलाइझच्या आधी बाइंड करून हवा तो प्रीफिक्स द्या. ट्रिपल तेच राहतात.