टुरिस्ट गाड्यांच्या संकेतस्थळावर नेमके काय लिहावे?

छत्रपती संभाजीनगरात आपला टुरिस्ट गाड्यांचा व्यवसाय आहे, संकेतस्थळही तयार आहे, परंतु ते पाहून कोणी फोन करत नाही, तेव्हा मजकूर कसा लिहावा, असे आपण विचारले आहे. मराठवाड्यातील लहान व्यावसायिकांसाठी मी असा मजकूर लिहितो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपण नमुन्यादाखल दिलेला पहिला परिच्छेद ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ या वाक्याने सुरू होतो. हे वाक्य नांदेडच्या कापड दुकानालाही चालेल आणि लातूरच्या शिकवणी वर्गालाही. पर्यटकाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. ते काढून टाकावे. त्याऐवजी, फोनवर लोक आपल्याला जे विचारतात ते काही दिवस वहीत उतरवून घ्यावे आणि त्याच प्रश्नांची उत्तरे, त्यांच्याच शब्दांतले मथळे देऊन, पानावर मांडावीत.

‘अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवशी होईल का?’ हा प्रश्न आपल्याला नक्कीच येत असणार. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी; अजिंठा शहरापासून सुमारे 100 किलोमीटर, तर वेरूळ सुमारे 30 किलोमीटर आणि तेही वेगळ्या रस्त्यावर; शिवाय अजिंठ्याला खासगी गाडी लेण्यांपासून सुमारे 4 किलोमीटर अलीकडेच थांबवून पुढे बसने जावे लागते आणि नंतर पायऱ्या चढाव्या लागतात. एवढे लिहून ‘म्हणून दोन दिवस ठेवावेत, वेरूळच्या दिवशी वाटेत देवगिरी किल्ला आणि लेण्यांजवळचे घृष्णेश्वर होते’ असा सल्ला दिलात, की वृद्ध आईवडिलांना घेऊन येणारा माणूस आपल्यावर विश्वास टाकतो. माझ्या मते हा एक परिच्छेद गाड्यांच्या दहा छायाचित्रांपेक्षा अधिक काम करतो.

मात्र उत्तर मथळ्याखालच्या पहिल्याच वाक्यात असावे. संकेतस्थळे लोक कशी वापरतात याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी 1997 मध्ये मांडलेल्या निरीक्षणानुसार 79 टक्के वाचक नवे पान नुसते चाळत होते आणि शब्दन् शब्द वाचणारे केवळ 16 टक्के होते. आज मोबाईलच्या लहान पडद्यावर तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

दराबाबत संकोच करू नये. प्रति किलोमीटर दर, दिवसाला किमान किती किलोमीटर धरले जातात, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता त्यात आहे की वेगळा, हे स्पष्ट लिहावे, कारण प्रवास संपल्यावर होणारे वाद बहुधा याच तपशिलांवरून होतात.

शहराचे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदलले, तरी बाहेरगावचे अनेक लोक आजही ‘औरंगाबाद’ असेच टाईप करून शोधतात. मथळ्यात छत्रपती संभाजीनगर लिहावे आणि मजकुरात एकदोन ठिकाणी ‘पूर्वीचे औरंगाबाद’ असा सहज उल्लेख ठेवावा.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे आजचे संगणक आणि मोबाईल ओळखतात त्या अक्षरसंकेतातच, टाईप करावा. छापखान्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर किंवा दरपत्रकाचे नुसते चित्र टाकले, तर शोधणाऱ्यापर्यंत ते पोहोचण्याची शक्यता फारच कमी होते. दरपत्रकाखाली ते कोणत्या तारखेपासून लागू आहे हेही लिहावे आणि डिझेलचे भाव बदलून दर बदलले, की ती तारीखही त्याच दिवशी बदलावी.