विचारायला भीड कसली?

कॅलगरीहून एका आईचं चार पानी पत्र आलं आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, आइस हॉकी खेळतो, बचावफळीतला डिफेन्समन. यंदाच्या मे महिन्यात वेस्टर्न हॉकी लीग या सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात त्यात, एका क्लबने त्याला निवडलं. पुढच्या मोसमात, सोळाव्या वर्षी, घर सोडून त्या गावी जायचं आणि बिलेट कुटुंबाकडे, म्हणजे खेळाडूला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या तिथल्या कुटुंबाकडे, राहून खेळायचं, असं ठरतंय. पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत. पाठवू का? शिक्षणाचं काय? डोक्याला मार बसला तर? एनएचएलपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगपर्यंत, पोचेल का? मराठी विसरेल का? सासूबाईंना कसं समजवू?

सगळं वाचलं, पण मी एकाच परिच्छेदापाशी अडकले. तुम्ही लिहिता, “क्लबचे जनरल मॅनेजर स्वतः घरी आले होते. करार टेबलावर ठेवला, छान समजावून सांगितलं. माझ्या मनात बरंच होतं, पण एवढ्या मोठ्या माणसाला काय काय विचारणार? ते आपल्या घरी आले, हेच खूप वाटलं.”

अहो, ते आले कारण त्यांना तुमचा मुलगा हवा आहे. मेहरबानी करायला कुणी इतक्या लांब गाडी हाकत येत नाही. पहाटे पाचला रिंकवर कुडकुडत बसलात तुम्ही, दर मोसमाला वाढत्या मापाचे स्केट्स घेतलेत तुम्ही, आणि करार समोर आल्यावर गप्प बसलात. तुमच्यावर रागवत नाही. ही भीड माझ्या घरात तीन पिढ्या पाहिली आहे, म्हणून जीव तुटतो.

माझे वडील वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. ते सांगायचे, भूक असली तरी दुसऱ्यांदा भात कधी मागितला नाही. आम्ही ते अभिमानाने ऐकायचो. मग माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, गोलकीपर होता तो, सोळाव्या वर्षी असाच बिलेटकडे राहायला गेला. सहा आठवड्यांनी बहीण भेटायला गेली, तर पोराची गालफडं बसलेली. घर फार चांगलं होतं. “फ्रिज तुझाच समज” असं त्या बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि त्याने एकदाही स्वतःहून उघडला नव्हता. त्याला कुणी शिकवलं हे? आम्हीच. त्या बाई रडवेल्या झाल्या. बिलेट कुटुंबाला मुलाच्या खर्चासाठी क्लबकडून दरमहा पैसे मिळतात, आणि वाढत्या वयाचा खेळाडू किती खातो ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मागितलं असतं तर आनंदाने वाढलं असतं.

भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि ते भाच्याच्या बाबतीत शब्दशः खरं ठरलं. या लीगमध्ये पगार नसतो, खर्चापुरते पैसे मिळतात. खरी कमाई म्हणजे शिष्यवृत्ती. जितके मोसम खेळाल तितक्या वर्षांची कॉलेजची ट्यूशन, पुस्तकं आणि सक्तीच्या फिया. भाचा तीन मोसम खेळला, म्हणजे तीन वर्षं जमा झाली. पण ती ठरावीक मुदतीत वापरायला सुरुवात करावी लागते, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही वाचलं नाही. तो खेळायला युरोपात गेला, परत आला तेव्हा मुदत उलटली होती. फसवलं कुणीच नव्हतं, करारात सगळं लिहिलेलं होतं. पुढे तो कर्ज काढून शिकला.

म्हणून सही करण्याआधी विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या. शिष्यवृत्तीची मुदत नेमकी किती? मोसम अर्धा खेळून दुखापत झाली तर तो धरतात का? व्यावसायिक करार केला तर कोणत्या लीगच्या कराराने ती रद्द होते आणि कोणत्याने नाही? जानेवारीत ट्रेड झाला, म्हणजे क्लबने त्याला दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं, तर शाळेचं काय? हा प्रश्न बोचरा वाटेल, पण भाच्याला अठराव्या वर्षी एका संध्याकाळी फोन आला आणि दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या प्रांतात होता. कॉलेजचा एक कोर्स अर्धवट सुटला तो सुटलाच. क्लबचा एज्युकेशन अ‍ॅडव्हायझर कोण, हे विचारा आणि त्याच्याशी स्वतः बोला. बिलेटचं घर बदलायची वेळ आली तर कुणाला सांगायचं? डोक्याला मार लागल्यावर बर्फावर परत केव्हा उतरायचं हे कोच ठरवतो की डॉक्टर? आणि मुलाने लक्षणं लपवली तर घरी कळवायची जबाबदारी कुणाची? तुमची डोक्याच्या दुखापतीची भीती रास्त आहे. पण तिचाही धागा भिडेशीच येतो, कारण चक्कर येत असूनही “मी ठीक आहे” म्हणणारा मुलगा भिडस्तच असतो.

यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या धंद्यात पुढे आयुष्यभर विचारतच राहावं लागतं. बाहेरून लोकांना एकच आकडा दिसतो, एनएचएलचा किमान पगार 2025–26 च्या मोसमात 7,75,000 अमेरिकन डॉलर. पण बरेच तरुण टू-वे करारावर असतात. वर एनएचएलमध्ये खेळलात तर एक पगार, खाली एएचएल या दुय्यम लीगमध्ये पाठवलं तर त्याहून कितीतरी कमी. खाली का पाठवलं, काय सुधारू, मला कोणत्या जागी पाहता, हे कोचच्या दारावर टकटक करून विचारणाराच तिथे टिकतो. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा अर्शदीप बैन्स कोणत्याही एनएचएल ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. 2021–22 मध्ये रेड डीअरकडून खेळताना 112 गुण मिळवून तो तुमच्या मुलाच्याच लीगमध्ये अव्वल आला, मग एनएचएलच्या व्हँकुव्हर संघाने करार केला, आणि एनएचएलचा पहिला सामना 2024 च्या फेब्रुवारीत. मधला काळ ॲबट्सफर्डला, एएचएलमध्ये. एवढी वाट पाहताना मनातलं मनात ठेवणारं पोर कोमेजून जातं.

आता बाकीचं.

पाठवू का? पाठवा, उत्तरं पटली तर. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, नियम बदलला. पूर्वी या लीगमध्ये खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं, ऑगस्ट 2025 पासून ते उघडं आहे. याच लीगच्या मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मकेना असाच अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात गेला. तेव्हा सोळाव्या वर्षीच कायमचा रस्ता निवडतोय, हे दडपण घेऊ नका.

शक्यता किती? एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये जगभरातून दर वर्षी सुमारे 224 मुलं घेतात, आणि निवड झालेल्यांतलेही सगळे खेळत नाहीत. शिवाय तुमच्या लीगमध्ये वीस वर्षांचे खेळाडू एका संघात तीनच ठेवता येतात, म्हणजे एकोणिसाव्या वर्षानंतर बरेच जण घरी येतात. म्हणून तर शिष्यवृत्तीचं इतकं बोलले.

आपल्यासारखं कुणी तिथे आहे का, असंही विचारलंत. रॉबिन बावा 1989 मध्येच एनएचएलमध्ये खेळले. मॅनी मल्होत्रा 991 सामने खेळले, तेही मध्ये डोळ्याला पक (हॉकीची चकती) लागून दृष्टीवर बेतलं असताना. मुलाला दोघांबद्दल सांगा.

मराठी? रविवारी फोनवर आजीशी बोलू दे, बसच्या प्रवासात वेळच वेळ असतो. सासूबाईंना एका सामन्याला घेऊन जा. माझ्या आईने भाच्याचा एक सामना पाहिला, आणि त्यानंतर तिने इंजिनीअरिंगचं नाव काढलं नाही.

आणि हे प्रश्न क्लबला विचारणारी ई-मेल तुम्ही लिहू नका, मुलाला लिहू दे. तुम्ही शेजारी बसा, शब्द अडला तर सांगा, पण पाठवायचं बटण त्यालाच दाबू दे. उत्तर आलं की मला कळवा. सही त्यानंतर.