हजार-दीड हजारात दणदणीत बेस देणारे इन-इअर इअरफोन कोणते घ्यावेत?

तुमचं म्हणणं असं की बजेट दीड हजाराच्या आत, वायरचे चालतील, ऐकणं जास्त करून लोकलमध्ये, आणि गाणी म्हणजे हिपहॉप, ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) आणि ढोल-ताशाची रेकॉर्डिंग्ज. आधी सरळ नावच सांगतो: केझेड ईडीएक्स प्रो. इतकेही खर्च करायचे नसतील आणि फोनवर बोलणंही बरंच असेल तर रियलमी बड्स २. मूनड्रॉप चू २ चं कौतुक तुम्ही सगळीकडे वाचाल आणि ते खोटं नाही, गायकाचा आवाज त्यात फार स्वच्छ येतो. पण बेसवेड्या माणसाला त्याचा बेस सभ्य वाटतो. तुम्हाला सभ्य नको आहे.

घाई असेल तर इथवर पुरे. पण ही मॉडेल्स कधी बाजारातून गायब होतील सांगता येत नाही, म्हणून निवडायचं कसं तेही लिहितो.

खोक्यावरचं काहीही मनावर घेऊ नका. 'एक्स्ट्रा बेस', 'डीप बेस' हे शब्द कुणीही छापू शकतो. '१० हर्ट्झपासून' असं लिहिलेलं असतं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा), तेही तसंच. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, आणि १० हर्ट्झला आवाज किती पडलेला आहे हे खोकं सांगतच नाही. ड्रायव्हर, म्हणजे इअरफोनमधला छोटा स्पीकर, त्याच्या मिलिमीटरचंही तेच. बड्स २ मध्ये ११.२ मिमीचा ड्रायव्हर आहे, ईडीएक्स प्रोमध्ये १० मिमीचा, तरी मला ईडीएक्स प्रोचा बेस जास्त खोल आणि जास्त आवरलेला वाटतो. पडदा कसला, मागे हवेला भोकं किती, ट्यूनिंग कसं, यावर सगळं ठरतं.

बेस म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो. ६० हर्ट्झच्या खालचा सब-बेस ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त, ईडीएममध्ये 'ड्रॉप' आला की डोकं हलतं ते त्यानं. त्याच्या वर साधारण २५० हर्ट्झपर्यंत मिड-बेस, म्हणजे धपधप. स्वस्त इअरफोनवाले बहुतेक वेळा मिड-बेसच फुगवतात, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकणाऱ्यावर त्याचीच छाप पडते. घरी आल्यावर अर्ध्या तासात गायक उशीखालून गातोय असं वाटायला लागतं.

हे ओळखायला माझी आवडती परीक्षा म्हणजे तबल्याचा डग्गा. चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि वादक तळहाताचं मनगटाकडचं टोक शाईजवळ दाबून पुढे सरकवतो ती जागा शोधा. तिथे डग्ग्याचा आवाज खालून वर घसरत जातो. बऱ्या इअरफोनमध्ये ती घसरण स्पष्ट ऐकू येते, फुगवलेल्यात नुसतं 'धब्ब' होऊन विषय संपतो. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलंत तर लक्ष ताशाकडे ठेवा, ढोलाकडे नको. ढोलांचा दणका चालू असताना ताशाची तर्री सुटी-सुटी ऐकू आली तर बेस त्याच्या जागेवर आहे. ताशा चेपला गेला तर तो इअरफोन परत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे दहातले नऊ जण बघतही नाहीत: खोक्यात येणारी ती छोटी रबरं. इन-इअरचा बेस कानाची नळी बंद होण्यावर अवलंबून असतो. कडेला जराशी फट राहिली की सगळ्यात आधी बेसच पळतो. वरचे सूर तसेच राहतात, म्हणून आवाज पत्र्यासारखा लागतो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. तपासायची युक्ती अशी: बेसवालं गाणं चालू असताना दोन्ही इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. बाहेरच्या अंगाला सुईएवढं भोक असतं, ते मात्र झाकू नका, नाहीतर त्यानंही आवाज बदलतो. दाबल्यावर बेस एकदम उसळला, बोट काढताच गेला, तर रबर तुमच्या कानाला लहान आहे. मोठं लावा. दाबून काहीच फरक पडला नाही तर तुम्ही ऐकताय तोच त्या इअरफोनचा खरा बेस. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही, एकीकडे मीडियम आणि दुसरीकडे लार्ज लागलं तर बिनधास्त लावा.

घालायचीही पद्धत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, इअरफोन आत सरकवून किंचित फिरवा, मग पाळी सोडा. लोकलमध्ये हे करताना शेजारचा माणूस बघतो. बघू दे.

रबराचं महत्त्व पटत नसेल तर ब्लॉन बीएल-०३ चं उदाहरण बघा. २०१९ मध्ये आलेला हा इअरफोन आवाजामुळे गाजला, पण त्याची कानात जाणारी नळी इतकी आखूड की खोक्यातल्या रबरांनी तो अनेकांच्या कानात बसायचाच नाही. लोक वेगळी रबरं विकत घेऊन लावायचे आणि मग खूश व्हायचे. तुमच्या बजेटमधले शंभर-दोनशे रुपये चांगल्या सिलिकॉन रबरांसाठी बाजूला ठेवा. फोमची कान आणखी घट्ट बंद करतात, पण घामानं आणि मळानं खराब होतात, बदलत राहावी लागतात. आपल्याकडच्या उकाड्यात मला ती झेपत नाहीत.

लोकलचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. गाडीची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतली, म्हणजे नेमका तुमचा बेसच ती गिळते. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो. कान नीट बंद असतील तर ती घरघर थोडी कमी होते आणि व्हॉल्यूम खालीच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलेलं चालतं, ९० डेसिबलला फक्त ४ तास. रोज दोन्ही वेळचा प्रवास असेल तर ते ४ तास बुधवारपर्यंतही पुरत नाहीत. (आणि रूळ ओलांडताना कानातून काढा. मुळात रूळच ओलांडू नका.)

ब्लूटूथचं विचारलं नाहीत ते बरं केलंत. दीड हजाराच्या ब्लूटूथमध्ये बॅटरी, चिप, डबी यांतच बरेच पैसे जातात आणि आवाजाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मात्र तुमच्या फोनला इअरफोनचं ३.५ मिमीचं भोक नसेल तर टाइप-सीचं कन्व्हर्टर लागेल. ते आत डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप) असलेलंच घ्या, साधं घेतलंत तर काही फोनवर आवाजच येत नाही. ॲपलचं छोटं कन्व्हर्टर चांगलं आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज मुळातच कमी येतो.

ईडीएक्स प्रोच्या दोन खोडी सांगून ठेवतो. वायर कानामागून घ्यावी लागते, चष्मा असेल तर पहिले काही दिवस वैताग येतो. पण त्यामुळे शर्टाला वायर घासल्याची खरखर कानात येत नाही. आणि तो माइकसह व माइकशिवाय असा दोन्ही मिळतो, फोटो सारखेच दिसतात, ऑर्डर देताना नीट वाचा. फायदा असा की वायर दोन पिनांची, सुटी होणारी आहे. इअरफोन मरतात ते बहुधा जॅकपाशी वायर तुटून. इथे नवी वायर लावली की झालं.

घेतल्यावर बेस थोडा कमी वाटला तर इक्वलायझरमध्ये (फोनमधली सूर कमी-जास्त करायची सोय) ६० हर्ट्झची पट्टी ३-४ डेसिबल वर न्या आणि एकूण पातळी (प्रीॲम्प) तेवढीच खाली आणा. पातळी तशीच ठेवलीत तर दणक्याच्या जागी आवाज फाटतो. ६ डेसिबल वाढवणं म्हणजे ड्रायव्हरला चौपट ताकद मागणं, हे लक्षात असू द्या.

स्टेशनबाहेरच्या गाळ्यावर दीडशे रुपयांना मिळणारे मोठ्या ब्रँडचे इअरफोन नकली असतात, त्यांच्या नादी लागू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास दुकानातून घेणार असाल तर पक्कं बिल मागा, आणि सील फोडल्यावर बदलून देतात का ते पैसे देण्याआधी विचारा. कानात घालायची वस्तू म्हणून बरेच दुकानदार नाही म्हणतात.