बॉक्स न उघडता जुन्या कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय आहे, हे कमांडने कसं पाहायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न मी असा समजलो: नेर तालुक्यातल्या गावात अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून जुना डेस्कटॉप घ्यायचा आहे. यवतमाळचा दुकानदार 'आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, पाचशे जीबी डिस्क' एवढंच सांगतो आणि डबा उघडू देत नाही. कमांड देऊन खरं काय ते कळेल का?

कळेल. उलट डबा उघडून जे दिसत नाही, तेही कळेल. मी दारव्ह्याकडच्या शाळांचे कॉम्प्युटर पाहतो आणि जुनी मशीन घेताना दर वेळी हेच करतो.

मी मराठी कीबोर्डवरून लिहितोय, म्हणून कमांड देवनागरीत आहेत. टाईप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. 'डॅश' म्हणजे '-' हे चिन्ह: त्याआधी जागा सोडा, पुढचं अक्षर त्याला जोडून लिहा.

जाताना लिनक्स मिंटचा (विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून ती थेट चालते असा, सोबत न्या, ८ जीबीचा पुरतो. घरूनच तयार करून न्या. मशीन त्यावरून चालू केलं की डिस्कवर काही टाकावं लागत नाही. विंडोजचा पासवर्ड माहीत नसला किंवा डिस्क पूर्ण पुसून दिली असली, तरी तुमचं काम अडत नाही. टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडा आणि पहिली कमांड द्या: एलएससीपीयू, मध्ये जागा न सोडता.

त्यात 'मॉडेल नेम' ही ओळ शोधा. नुसतं 'आय-फाइव्ह' म्हणजे काहीच नाही, खरी गोष्ट पुढच्या आकड्यात आहे. आय-फाइव्ह २४०० हा २०११ चा, ३४७० हा २०१२ चा, ६५०० हा २०१५ चा आणि ८५०० हा २०१८ चा प्रोसेसर. चौघांच्या डब्यावरचं स्टिकर जवळपास सारखंच दिसतं. पण पहिल्या तिघांत चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत आणि ८५०० मध्ये सहा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, एखाददुसरा अपवाद सोडला तर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चार आकडी नंबरातला पहिला अंक म्हणजे पिढी. म्हणून आकडा २ ते ७ ने सुरू होत असेल तर त्यावर लिनक्सच ठेवायचं, असं ठरवूनच भाव करा. ऑनलाइन फॉर्म, पीडीएफ, व्हिडिओ लेक्चर यासाठी मिंट चांगलं चालतं, पोरांची अडचण होत नाही.

आता रॅम. 'फ्री डॅश एच' दिल्यावर आठ जीबीच्या मशीनवर ७.६ च्या आसपास आकडा येईल. घाबरू नका, फसवणूक नाही. काही भाग प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःसाठी राखून ठेवतात. मात्र या कमांडवर थांबू नका. पुढची कमांड माझ्या मते सगळ्यात मोलाची: 'सुडो डीएमआयडिकोड डॅश टी मेमरी'. सुडो म्हणजे कमांड मुख्य अधिकाराने चालवणं; पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये त्याला पासवर्ड लागत नाही. मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) हार्डवेअरची एक यादी असते, ती ही कमांड वाचते. प्रत्येक रॅमच्या खाचेची माहिती वेगळी येते: किती जीबी, डीडीआर-३ की डीडीआर-४, वेग किती. रिकाम्या खाचेपुढे 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड' असं येतं.

हे का पाहायचं? दोनच खाचा असतील आणि दोन्हींत चार-चार जीबी असेल, तर उद्या रॅम वाढवताना जुनी काढून ठेवावी लागेल. एकीत आठ आणि दुसरी रिकामी असेल, तर पुढच्या वर्षी वर्गणीतून फक्त एक पट्टी आणायची. डीडीआर-३ च्या बोर्डात डीडीआर-४ बसतच नाही, हेही आधीच कळतं. एक सावधगिरी: 'मॅक्झिमम कपॅसिटी'चा आकडा बायोस काही वेळा चुकीचा सांगतो, त्यावर सौदा करू नका. जुळवलेल्या मशीनवर कंपनीच्या नावाच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असं दिसतं. याचा अर्थ एवढाच, की बोर्ड बनवणाऱ्याने ती जागा भरली नाही.

डिस्कसाठी: 'एलएसबीएलके डॅश डी डॅश ओ नेम,साइज,रोटा,मॉडेल'. रोटा खाली १ असेल तर फिरणारी हार्ड डिस्क, ० असेल तर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क. पाचशे जीबीची डिस्क इथे ४६५.८ दिसेल, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही कमांड १०२४ च्या.

पण डिस्क किती मोठी यापेक्षा ती किती झिजली हे पाहा. बैलबाजारात बैलाचे दात पाहतात, तसे डिस्कचे तास पाहायचे. त्यासाठी स्मार्टमॉनटूल्स हा डिस्कची तब्येत वाचणारा प्रोग्रॅम लागतो. दुकानात नेट नसेल तर आपला फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) सुरू करा. मग आधी 'सुडो एपीटी अपडेट', त्यानंतर 'सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स', आणि मग 'सुडो स्मार्टसीटीएल डॅश ए', पुढे जागा सोडून '/डेव्ह/एसडीए'. पेनड्राइव्हलाच एसडीए नाव मिळालं असेल तर एसडीबी. आधीच्या कमांडच्या यादीतून खात्री करा. 'पॉवर ऑन अवर्स' समोर डिस्क एकूण किती तास चालली ते येतं. एका वर्षात ८,७६० तास असतात, त्यावरून हिशेब करा. 'रिअलोकेटेड सेक्टर' (खराब म्हणून बदललेले डिस्कचे तुकडे) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न आलेले तुकडे) या दोन ओळींच्या शेवटचा आकडा शून्य हवा. पेंडिंगमध्ये काही दिसलं तर ती डिस्क मी फुकटही घेणार नाही. आपल्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि लिहिता लिहिता बंद पडणं आधीच खराब झालेल्या डिस्कला सोसत नाही. डिस्कचे पैसे कमी करून मागा आणि नवी २५६ जीबीची एसएसडी टाका. यूपीएसचे पैसेही वर्गणीत धराच.

दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सिस्टिमइन्फो' द्या. मॉडेल, बायोसची तारीख, एकूण रॅम येते. पॉवरशेलमध्ये 'गेट-फिजिकलडिस्क' दिलं तर एसएसडी की एचडीडी (फिरणारी हार्ड डिस्क) ते कळतं. जुन्या व्हिडिओंत 'डब्ल्यूएमआयसी' सांगतात, पण विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती कमांड आपोआप येत नाही. चालली नाही तर मशीन खराब समजू नका.

पैसे देण्याआधी प्रत्येक कमांडच्या पडद्याचा फोटो काढा आणि प्रोसेसरचा पूर्ण आकडा, रॅमचा प्रकार, डिस्कचं मॉडेल बिलावर लिहून घ्या. वर्गणी गावाची आहे, ग्रामसभेत कोणी विचारलं तर दाखवता येईल. अडलात तर फोटो इथे टाका, मी पाहून सांगतो. फक्त सिरियल नंबर झाकून टाका.